घरात भरणारी सभा आणि घरातली मंडळी

बैठकीची खोली, बाजूला सरकवलेलं सामान, दहा-पंधरा माणसं, मांडीवर उघडं पवित्र शास्त्र. एवढ्यावरून हा सेल ग्रुप की हाउस चर्च, हे कुणालाच सांगता येणार नाही. आत बसलेल्यांनाही पुष्कळदा येत नाही. चर्चची परंपरागत चौकट सोडून साध्या, घरच्या संगतीकडे निघालेल्या अनेकांच्या मनात यांपैकी एक असतं आणि हातून घडतं दुसरं. मग वर्षभरात मनं दुखावतात. म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

सेल ग्रुप हा मोठ्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, अवयव. आठवड्याच्या मध्ये कुणाच्या तरी घरी जमायचं, रविवारी उपासनेला चर्चमध्ये जायचं. गटाचा पुढारी पाळकांनी नेमलेला असतो, अभ्यासाचा धडा बहुतेकदा वरून आलेला असतो. बाप्तिस्मा, प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीसाठी भाकर आणि प्याला घेण्याचा विधी), अर्पणाचा हिशेब, शिस्तीचे प्रश्न, सगळं तिकडे. सोलमधल्या योइदो चर्चचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९६४च्या सुमारास तिथले पाळक अतिश्रमाने कोसळले, तेव्हा घरोघरच्या गटांची जबाबदारी प्रामुख्याने स्त्रियांनी उचलली आणि त्या गटांच्या बळावर ते चर्च जगातल्या सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक झालं. थोडक्यात, मोठं चर्च नको म्हणून सेल ग्रुप काढायचा हा विचारच उलटा आहे. मोठं चर्च उभं राहतं ते अशा गटांच्या खांद्यावर.

हाउस चर्च कुणाची शाखा नसतं. ती पूर्ण मंडळी असते, फक्त लहान. प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रांत अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरातल्या मंडळीला सलाम सांगतो, नुंफेच्या घरातल्या मंडळीचा उल्लेख करतो. तिथे तो मंडळीसाठीचा ‘एक्लेसिया’ हाच ग्रीक शब्द वापरतो, जो तो करिंथच्या किंवा थेस्सलनीकाच्या मंडळीसाठी वापरतो. भाकर तिथेच मोडली जाते, निर्णय तिथेच होतात, चुकलेल्याला सावरणारी माणसंही तिथलीच.

खूण हवी असेल तर मी एकच प्रश्न विचारते: प्रभुभोजन कुठे होतं? इतिहासात ही रेघ लख्ख दिसते. १५२६ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने जर्मन उपासनेच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक कल्पना मांडली होती. ज्यांना मनापासून ख्रिस्ती जीवन जगायचं आहे त्यांनी नावं नोंदवून एखाद्या घरात जमावं, प्रार्थना-वाचन करावं, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनही तिथेच घ्यावं. हे हाउस चर्चच झालं. पण त्यासाठी लागणारी माणसं अजून आपल्याजवळ नाहीत, असं म्हणून त्याने ते तिथेच सोडलं. १६७०मध्ये फ्रँकफर्टला फिलिप स्पेनर या पाळकाने धर्मनिष्ठ माणसांच्या सभा सुरू केल्या, पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे संस्कार पॅरिश (स्थानिक) चर्चमध्येच ठेवले. तो मंडळीच्या आतला छोटा गट होता. इंग्लंडमधल्या मेथडिस्ट चळवळीचा पुढारी जॉन वेस्ली याचे सुमारे बारा जणांचे ‘वर्ग’, म्हणजे छोटे गट, १७४२मध्ये ब्रिस्टलला सुरू झाले, तेही इमारतीचं कर्ज फेडण्यासाठी वर्गणी गोळा करण्याच्या निमित्ताने. वेस्ली आपल्या लोकांना प्रभुभोजनासाठी अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत) चर्चमध्ये जायला सांगत राहिला. मात्र स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकेत संस्कार देणारे पाळक फारसे उरले नाहीत, तेव्हा १७८४मध्ये त्याने स्वतः सेवकांवर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली. भाकर आणि प्याला हलले तसं तिथे वेगळं चर्च उभं राहिलं.

चीनमध्ये तर ‘घरातली मंडळी’ या शब्दाचा अर्थ सरकारमान्य संघटनेबाहेरची मंडळी एवढाच होतो. अशा काही मंडळ्या भाड्याच्या कार्यालयांत शेकडोंनी जमत आल्या आहेत. म्हणजे घर हा काही निकष नव्हे.

आणि घर म्हणजे साधेपणा, हेही खरं नाही. ‘आधी घरं होती, मग रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आला आणि इमारती आल्या’ ही कहाणी मला फार सोपी वाटते. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस या प्राचीन शहरात २४०च्या सुमारास एका राहत्या घराचं रूप बदललं गेलं: दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा केली, एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलं, भिंतींवर चित्रं काढली. २५६च्या सुमारास इराणी सैन्याच्या वेढ्याच्या वेळी ते घर तटबंदीच्या भरावाखाली गाडलं गेलं, म्हणूनच टिकलं. धर्माला मोकळीक देणारा मिलानचा फतवा ३१३चा. त्याच्या किती आधी घराची इमारत होऊ लागली होती पाहा. तसंच उलटंही घडतं. दिवाणखान्यात खुर्च्या ओळीने मांडल्या, एकजण पाऊण तास बोलला, बाकीचे गप्प बसले, तर चर्चची चौकट जशीच्या तशी घरात आली. करिंथकरांना लिहिताना पौल सांगतो की एकत्र येताना कुणाजवळ स्तोत्र असतं, कुणाजवळ शिक्षण, कुणाजवळ प्रकटीकरण. प्रत्येकाने काहीतरी आणायचं, ही त्या संगतीची रीत.

पण याच करिंथात श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. घर कुणाचं तरी असतं आणि घरमालकाचं वजन खोलीभर जाणवतं. घरातल्या मंडळीची खरी कसोटी इथे लागते, असं मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. मंडळी फिलेमोनाच्या घरी जमते. तो यजमान आणि अनेसिम या दासाचा धनीही. धन्यापासून दूर गेलेल्या अनेसिमाला परत स्वीकारण्याचा प्रश्न पौल एकट्या फिलेमोनाशी कुजबुजत सोडवत नाही. पत्राच्या मायन्यातच तो अफ्फिया, अर्खिप्प आणि घरी जमणारी मंडळी यांची नावं घालतो. म्हणजे ज्याच्या छताखाली आपण बसलो त्याच्याच घरचा प्रश्न सगळ्या मंडळीसमोर आला. सेल ग्रुपमध्ये असा पेच पडला तर पाळकांकडे जाता येतं. हाउस चर्चमध्ये वर कुणी नाही. आपसात जबाब मागण्याची वाट आधीच आखून ठेवावी लागते, आणि शक्यतो यजमानापेक्षा वेगळी दोन-तीन वडील माणसं लागतात.

म्हणून गट सुरू असलेल्यांनी एका संध्याकाळी काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. नव्या विश्वासणाऱ्याला बाप्तिस्मा कोण देणार? अर्पणाचे पैसे कुणाकडे, हिशेब कोण पाहणार? दोघांचं भांडण झालं तर मध्ये कोण पडणार? प्रत्येक उत्तर ‘पाळकांना विचारू’ असं येत असेल तर तुम्ही सेल ग्रुप आहात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. उत्तरं ‘आपणच’ अशी येऊ लागली असतील, तर आपल्या मूळ चर्चच्या पाळकांना भेटून ते मोकळेपणाने सांगा, पुढच्या रविवारच्या आधी.