पॉइंट किती आणि पत किती

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे कोडिंग शिकायला येणाऱ्या एका पोरानं परवा विचारलं, "दादा, स्टॅक ओव्हरफ्लोवर तुमचे पॉइंट किती?" स्टॅक ओव्हरफ्लो म्हणजे प्रोग्रामरनी एकमेकांचे प्रश्न सोडवायची वेबसाइट. पॉइंट म्हणजेच पत असं त्यानं धरलं होतं. बहुतेकांचा हाच घोळ होतो, कारण तिथं पॉइंटवर अधिकार मिळतात. दुसऱ्याच्या उत्तराखाली कमेंट करायला ५० लागतात, कुणाचंही लिखाण थेट सुधारायला २०००.

आपल्याकडचा गूळ बनवणारा गुळव्या बघा. उकळत्या काहिलीतला थोडा पाक तो थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि मगच काहील उतरवायला सांगतो. त्याला कुणी आकडा दिलेला नसतो. चार हंगाम त्याचा गूळ बघितलेली माणसं आपणहून त्याला बोलावतात. ही पत.

पॉइंट वेगळ्या वाटेनं येतात. उत्तराला एक अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, मिळाला की १०, विचारणाऱ्यानं ते स्वीकारलं की १५. सोपा प्रश्न हजारोंना पडतो, त्यामुळे त्याच्या उत्तरावर मतं पडतच राहतात. अवघड उत्तराची पारख करणारेच मोजके. मग लोक सोप्यावर तुटून पडतात. आधी दोन ओळी टाकून जागा धरायची, बाकीचं मागून भरायचं. मतांतून दिवसाला २०० च्या वर पॉइंट मिळत नाहीत, तरी ही घाई थांबलेली नाही. गुळाचंही असंच झालं. सौद्यात पिवळ्याधमक रंगाला बोली चढते म्हटल्यावर काही गुऱ्हाळांवर हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, घालायला लागले. चव होती तिथंच राहिली.

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि चर्चेच्या साइटनं यावर चांगला उपाय केला, असं मला वाटतं. लोक आकड्याचा खेळ करायला लागले तेव्हा त्यांनी आकडा झाकला आणि त्याजागी 'उत्तम', 'चांगला' अशा अर्थाचे शब्द दाखवले.

माझं सगळ्यात जास्त पॉइंटचं उत्तर तारखेचा फॉरमॅट बदलण्याचं आहे, पाच मिनिटांत लिहिलेलं. पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं का फुटतात, याच्या उत्तराला तीन रात्री गेल्या आणि मतं पडली दोन. पण त्या अडचणीसाठी लोक अजून मलाच शोधत येतात. गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या एकानं त्यातली चूक दाखवली. त्याच रात्री मी दुरुस्ती केली आणि खाली त्याचे आभार लिहिले. पॉइंट एकही वाढला नाही. महिन्याभरानं पुढचा प्रश्न घेऊन तो परत माझ्याकडेच आला.