गप्प बसलेलं मूल आणि बोलता न येणारं मूल

कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट या आदिवासी समाजातल्या मुलांची भाषा तपासताना गल्लत कुठे होते, त्याबद्दल हे. भाषेची अडचण म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक आहे: घरच्याच भाषेत मूल मागे पडतं, शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही. नुनावुत आणि नुनाविक या इनुइटांच्या दोन भागांच्या नावांतला घोळही किरकोळच. पहिला १९९९ साली झालेला कॅनडाचा प्रदेश, दुसरा क्वेबेकचा उत्तर भाग.

खरी गल्लत तपासणीच्या टेबलावर होते. दक्षिणेकडून विमानाने आलेला स्पीच थेरपिस्ट इनुइट मुलाला चित्र दाखवून विचारतो, "हे काय आहे?" मूल गप्प. कागदावर चढतं, "प्रतिसाद नाही." हे दोन शब्द वाचले की माझा जीव तुटतो. इनुइट मुलं भुवया उंचावून 'हो' म्हणतात, नाक आक्रसून 'नाही'. थेरपिस्टची नजर कागदावर असेल, तर त्याला उत्तर दिसणार कसं? शिवाय विचारणाऱ्याला चित्रातला कुत्रा दिसतोच आहे. मग तो विचारतो कशाला? जुन्या वळणाच्या इनुइट घरांत मूल मोठ्यांचं बघून शिकतं. अशी परीक्षा तिथे कुणी घेत नाही.

मार्था क्रागो या संशोधिकेने १९८०च्या दशकात नुनाविकमध्ये एका बोलक्या मुलाचं कौतुक केलं, तर तिथल्या इनुइट शिक्षिकेला शंका आली, त्याला शिकण्यात काही अडचण तर नाही ना? थांबायचं कधी, हे न कळणं तिला खटकलं होतं.

इंग्रजी चाचणीचा इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इनुइटांच्या भाषेत, अनुवाद करूनही भागत नाही. 'तुसात्सिआरुन्नान्न्गित्तुआलुयुंगा' हा एकच शब्द आहे. अर्थ, 'मला नीट ऐकू येत नाही.' इथे शब्द मोजून काय कळणार?

पण "इनुइट मुलं अशीच शांत असतात" हे वाक्य मला त्याहून घातक वाटतं. त्या मुलांमध्ये मधल्या कानाचा संसर्ग फार आढळतो. कान वाहतोय, ऐकू कमी येतंय, आणि आपण त्याला संस्कृती म्हणून सोडून देतो! म्हणून आधी कान तपासा, मगच भाषेकडे वळा. आणि आजीला विचारा: तो भावंडांशी खेळताना बोलतो का? त्याच वयाच्या चुलत भावापेक्षा मागे वाटतो का? पाठमोरा असताना "कामिक आण" म्हटलं, तर बूट घेऊन येतो का?