चिकातला दाणा आणि जस्ताची फवारणी

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला गहू जानेवारीच्या अखेरीस चिकात येतो. ओंबीतला एक दाणा काढून नखाने दाबला, की दुधासारखा पांढरा चीक बोटावर येतो. पुढे आठ-दहा दिवसांत तोच चीक घट्ट होऊ लागतो. या थोड्या दिवसांत पिकाला काय मिळते, यावर वर्षभराच्या पोळीत जस्त, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतले झिंक, किती असेल हे बऱ्याच अंशी ठरते.

माणसाला जस्ताची कमतरता भासू शकते, ही गोष्ट गव्हाच्याच आहारातून लक्षात आली. मूळचे बिहारमधील बक्सरचे असलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधील शिराझ येथे काम करत असताना त्यांच्याकडे 21 वर्षांचा एक रुग्ण आला. तो दिसायला जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा होता, आणि त्याचा आहार मुख्यतः गव्हाच्या रोटीचा होता. अशा रुग्णांविषयीचा त्यांचा शोधनिबंध 1961 मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे इजिप्तमधील अभ्यासातून या खुंटलेल्या वाढीमागे जस्ताची कमतरता असल्याचे स्पष्ट झाले. गव्हात जस्त असते, परंतु ते प्रामुख्याने कोंड्यात आणि अंकुरात असते, आणि तेथेच असलेले फायटेट नावाचे संयुग ते धरून ठेवत असल्यामुळे आतड्यात त्याचे शोषण कमी होते. म्हणून दाण्यात मुळातच जस्त अधिक असणे महत्त्वाचे ठरते.

प्रत्यक्षात मात्र उलटे घडत गेले. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 पासून गहू घेतला जात आहे आणि तेथील धान्याचे व मातीचे जुने नमुने जपून ठेवलेले आहेत. त्या नमुन्यांच्या तपासणीत असे दिसले, की 1960 च्या दशकापर्यंत दाण्यातील जस्त, लोह, तांबे व मॅग्नेशियम यांचे प्रमाण जवळजवळ स्थिर होते आणि बुटक्या, भरघोस उत्पन्न देणाऱ्या जाती आल्यानंतर ते घटत गेले. मातीतील या द्रव्यांचे प्रमाण मात्र कमी झाले नव्हते. दाणे वाढले, पिठूळ भाग वाढला आणि तेवढेच जस्त अधिक धान्यात विभागले गेले. याचा दोष बुटक्या जातींना देणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांनीच देशाची भूक भागवली. पण उणीव भरून काढण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

मातीतही अडचण आहेच. चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत जस्त असूनही ते मुळांना मिळेल अशा रूपात राहत नाही, आणि महाराष्ट्रातील बऱ्याच काळ्या जमिनी याच प्रकारच्या आहेत. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलिया पठारावर ही समस्या टोकाला गेली होती. तेथे 1990 च्या दशकात इस्माईल चाकमाक यांच्या गटाने जस्तयुक्त खते देऊन पाहिली, तेव्हा काही ठिकाणी गव्हाचे उत्पन्न दुपटीहून अधिक झाले. म्हणजे माणसांच्या आधी पीकच जस्तासाठी उपाशी होते.

जमिनीतून दिलेले जस्त पिकाची उपासमार थांबवते, परंतु दाण्यातील प्रमाण त्याने फारसे वाढत नाही. त्यासाठी फवारणी लागते. ओंबीलगतच्या पानावर पडलेले जस्त पानात शिरते आणि साखरेसोबत अन्नवाहिनीतून भरत असलेल्या दाण्याकडे जाते. फवारणी फार लवकर केली तर त्यातील बराच भाग पानांत आणि काडातच राहतो. ओंबी बाहेर पडताना आणि पुन्हा दाणा चिकात असताना केली तर तो दाण्यापर्यंत पोहोचतो. भारतासह सात देशांत झालेल्या चाचण्यांत, फवारणी न केलेल्या गव्हात दर किलोला सरासरी 27 मिलिग्रॅम जस्त होते आणि फवारणीनंतर ते 48 मिलिग्रॅम झाले.

हिशेब करून पाहू. हेक्टरी 40 क्विंटल गहू धरला तर किलोमागे 20 मिलिग्रॅमची वाढ म्हणजे संपूर्ण हेक्टरात अवघे 80 ग्रॅम जस्त. घरात मात्र त्याचा अर्थ मोठा होतो. दिवसाला 250 ग्रॅम कणीक खाणाऱ्याला पहिल्या गव्हातून पावणेसात मिलिग्रॅम जस्त मिळेल आणि दुसऱ्यातून 12 मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ पुरुषासाठी रोज 17 आणि स्त्रीसाठी 13.2 मिलिग्रॅमची शिफारस केलेली आहे.

शेतात हे करायला साधे आहे. अर्धा टक्का द्रावण म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम झिंक सल्फेट. पाने करपू नयेत म्हणून ऊन उतरल्यावर फवारावे. मात्र 19:19:19 सारखे स्फुरदयुक्त (फॉस्फरस असलेले) विद्राव्य खत त्याच पंपात घालू नये, कारण जस्त आणि स्फुरद यांचा साका तयार होतो. जमिनीतही हे दोघे एकमेकांना मानवत नाहीत. स्फुरदाचा मारा जास्त झाला की मुळांना जस्त मिळवून देणारी उपयुक्त बुरशी कमी होते आणि दाण्यातील फायटेट वाढते, त्यामुळे माती परीक्षण न करता डीएपी या स्फुरदयुक्त खताची पोती रिकामी करण्याने पोळीचे दुहेरी नुकसान होते. नत्राचे (नायट्रोजनचे) मात्र नेमके उलट आहे. दाण्यात जस्त बऱ्याच अंशी प्रथिनांच्या सोबतीने साठते, म्हणून नत्राचा पुरेसा आणि वेळेवर दिलेला हप्ता नसेल तर फवारणीचाही पूर्ण उपयोग होत नाही. लोहाचा प्रश्न अधिक अवघड आहे. फवारलेले लोह दाण्यापर्यंत फारसे जात नाही.

लोहासाठी जातीवरच भर द्यावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या एमएसीएस 4028 या बन्सी गव्हात 14.7 टक्के प्रथिने, किलोमागे 40.3 मिलिग्रॅम जस्त आणि 46.1 मिलिग्रॅम लोह आहे. पण जस्त जमिनीत उपलब्धच नसेल तर चांगली जातही ते कोठून आणणार? म्हणून जात आणि फवारणी यांत निवड करण्याऐवजी दोन्ही एकत्र वापरणे मला शहाणपणाचे वाटते.

खरी अडचण पैशांची आहे. जस्ताची कमतरता नसलेल्या शेतात फवारणीने उत्पन्न फारसे वाढत नाही, आणि बाजार समितीत गव्हाचा ओलावा, काडीकचरा आणि दाण्याचा आकार पाहिला जातो, जस्त कोणी मोजत नाही. मग फवारणीची मजुरी शेतकऱ्याने एकट्याने का सोसावी? फिनलंडच्या मातीत सेलेनियम कमी होते, तेव्हा तेथील सरकारने 1984 मध्ये ते रासायनिक खतांतच मिसळण्याचा निर्णय घेतला आणि शेतकऱ्याला वेगळे काही न करता लोकांच्या आहारातील सेलेनियम वाढले. आपल्याकडे खतात जस्त मिसळून फक्त पहिले काम, म्हणजे पिकाची उपासमार थांबवणे, होईल. चिकातल्या दाण्यावरची ती दुसरी फवारणी मात्र कोणीतरी पाठीवर पंप घेऊनच करायची आहे, आणि तिचा मोबदला गव्हाच्या भावात दिसायला हवा.