विंचूमाशांचं कुळ आणि डोळ्याखालचा काटा

दगडमासा, म्हणजे स्टोनफिश, विंचूमाशांच्या कुळातला, म्हणजे स्कॉर्पीनिडीतला, की वेगळ्या घरातला, यावर अजून एकमत नाही. 1758 मध्ये जातींना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत प्राण्यांसाठी रूढ झाली, तेव्हा विंचूमाशांतलाच सिंहमासा, म्हणजे लायनफिश, चक्क स्टिकलबॅक या पाठीवर काटे असलेल्या छोट्या माशाच्या प्रजातीत (जीनसमध्ये) गेला होता. 19व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ‘चिलखती गालांचे मासे’ असा गट मांडला गेला. डोळ्याखालून गालावर मागे जाणारी हाडाची पट्टी ही पुढे या माशांची मुख्य खूण ठरली.

विषारी काट्यावरून कुळ ठरत नाही, हे शिंगाळ्यावरून आपल्याला सहज पटेल. त्याचा काटा लागला तरी हात ठणकतो, पण विंचूमाशांशी त्याचं जवळचं नातं नाही.

खरा पेच 2018 साली पुढे आला. त्याची सुरुवात मात्र एका पाळीव माशापासून झाली. एका अमेरिकन अभ्यासकाच्या काचटाकीतला वास्पफिश, म्हणजे विषारी काट्यांचा एक छोटा मासा, मेला आणि त्याने तो कापून पाहिला. डोळ्याखालच्या हाडाला काटा होता, आणि ते हाड वरच्या जबड्याला असं जोडलेलं होतं की एरवी गालाशी मिटलेला काटा बाजूला वळून तिथेच पक्का अडकतो. गिळायला आलेल्या माशाच्या घशात तो आडवा येत असावा, असा अंदाज आहे. एका ऑस्ट्रेलियन जातीत तर हा काटा हिरवट चमकतो. अशी रचना दगडमासे, वास्पफिश आणि त्यांच्या जवळच्या गटांत सापडली. सिंहमाशात नाही, विंचूमाशांसारख्याच दिसणाऱ्या रॉकफिशमध्येही नाही. डीएनएचा पुरावाही त्याच बाजूचा निघाला. म्हणून या सगळ्यांना दगडमाशांच्या सिनॅन्सीइडी कुळात एकत्र आणलं गेलं.

दोनच वर्षं आधी, 2016 मध्ये, एका प्रमाण संदर्भग्रंथाने दगडमासे आणि रॉकफिश दोघांनाही स्कॉर्पीनिडीत उपकुळं म्हणून ठेवलं होतं. मला 2018 ची मांडणी जास्त पटते. उघडून मिटणारी ही गुंतागुंतीची रचना वेगवेगळ्या घरांत पुन्हा पुन्हा उपजेल असं वाटत नाही. रॉकफिशचं काय करायचं, हा प्रश्न मात्र जुनाच. त्यांतले बहुतेक पिल्लांना जन्म देतात, विंचूमासे अंडी घालतात. काही याद्या त्यांना वेगळं कुळ देतात. मला त्यासाठी एवढा फरक तोकडा वाटतो.

त्यामुळे हिंदी महासागरातल्या माशांची एखादी यादी हाती आली, तर आधी तिचं साल बघावं. स्कॉर्पीनिडी या एकाच नावाखाली दगडमासा असेलही, नसेलही.