विसाव्याचं वर्ष नेमकं कोणतं? एका वर्षाचा जुना वाद

आज इस्राएलमध्ये श्मिता, म्हणजे जमिनीच्या विसाव्याचं वर्ष, ओळखणं सोपं आहे. यहुदी पंचांगातल्या वर्षाच्या आकड्याला ७ ने नि:शेष भाग गेला की झालं. मागचं ५७८२, म्हणजे २०२१-२२, पुढचं २०२८-२९. हाच क्रम सात-सात वर्षांनी मागे नेला की इ.स. ६८-६९ येतं. भांडण तिथे आहे.

यरुशलेममधलं यहुद्यांचं दुसरं मंदिर रोमनांनी इ.स. ७० च्या उन्हाळ्यात जाळलं. एक जुनी हिब्रू कालगणना सांगते की हे 'मोत्साए श्वीइत'ला घडलं. 'श्वीइत' म्हणजे सातवं, विसाव्याचं वर्ष. शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याचा दिवस, सुटल्यावरच्या शनिवारच्या रात्रीला 'मोत्साए शब्बाथ' म्हणतात. त्या न्यायाने हे विसावा उलटल्यानंतरचं वर्ष, म्हणून विसावा ६८-६९ चा. एकोणिसाव्या शतकात ब्रेस्लाऊमध्ये मांडलेला तक्ता हाच क्रम धरतो. १९७३ मध्ये एका अभ्यासकाने सगळा तक्ता एक वर्ष पुढे सरकवला: मंदिर पडलं तेव्हा विसाव्याचं वर्ष सरत आलं होतं, उलटलं नव्हतं, म्हणून ६९-७०.

शब्दावर अडून बसण्यापेक्षा कागद बघावेत. मृत समुद्राजवळ वादी मुरब्बातच्या गुहेत एक कर्जरोखा सापडला, रोमन सम्राट नीरोच्या दुसऱ्या वर्षाचा. श्मितात कर्जं माफ होतात, पण 'हे श्मिताचं वर्ष असलं तरी' पैसे फेडीन, असं कर्जदार त्यात लिहून देतो. नीरो गादीवर आला ऑक्टोबर ५४ मध्ये. सरळ मोजलं तर दुसरं वर्ष ५५-५६, म्हणजे नव्या तक्त्याला कौल. मात्र राजवर्ष वसंतातल्या निसान महिन्यापासून मोजलं तर ५५ चा उन्हाळाही त्यातच येतो आणि जुना तक्ता वाचतो. ही पळवाट मला ओढूनताणून काढलेली वाटते. हेरोद राजाने इ.स.पू. ३७ मध्ये यरुशलेम घेतलं, त्याची साक्ष तर दोन्हीकडे चालते: योसेफस हा यहुदी इतिहासकार एका जागी वेढ्यादरम्यान विसाव्याचं वर्ष होतं म्हणतो, आणि पुढे शहर पडल्यानंतरही जमीन त्याच कारणाने पडीक होती म्हणतो.

योबेलची, म्हणजे सात श्मितांच्या फेरीअखेर येणाऱ्या मोठ्या विसाव्याच्या वर्षाची, गोष्ट निराळी. ४९ वं वर्ष की ५० वं, इथपासूनच मतभेद. शिवाय यार्देन नदीच्या पूर्वेकडचे इस्राएली वंश हद्दपार झाले तेव्हाच ते बंद पडलं, असं तलमूद हा यहुदी धर्मग्रंथ मानतो. योबेल वेगळं न धरता नुसती साताची मोजणी चालू ठेवायची, हे पुढच्या धर्माचार्यांनी ठरवलं. बाराव्या शतकातल्या एका धर्मशास्त्रकाराची स्वतःची आकडेमोड त्यापेक्षा एक वर्ष पुढे जात होती. तरी त्याने चालत आलेली मोजणीच प्रमाण मानली.

१८८८-८९ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या नव्या यहुदी वसाहतींतल्या शेतकऱ्यांपुढे प्रश्न उभा राहिला तेव्हा वर्ष कोणतं यावर कोणी भांडलं नाही. जमीन बिगरयहुद्याला कागदोपत्री विकून पीक काढावं का, यावर मात्र रब्बींमध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंमध्ये, कडाक्याचं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही.