विल्यम्स, सिसिली डेल्फिन

(२ डिसेंबर १८९३ – १३ जुलै १९९२). मुलांमधील क्वाशिओरकोर या कुपोषणाच्या आजाराचे वैद्यकाला पहिले नेमके वर्णन देणाऱ्या बालरोगतज्ज्ञ. जन्म जमेकात. पहिल्या महायुद्धात पुरुष विद्यार्थी आघाडीवर गेल्याने ऑक्सफर्डच्या वैद्यकीय वर्गांत स्त्रियांना जागा मिळाली; १९२३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

१९२९ मध्ये ब्रिटिश वसाहत सेवेतून त्या गोल्ड कोस्टला (आजचा घाना) गेल्या. तिथे एक ते चार वर्षांची मुले हातापायांवर सूज घेऊन येत. केस विरळ व फिकट झालेले, कातडीवर काळपट डाग पडून सालपटे निघत, मूल सतत किरकिरत असे. अशी बहुतेक मुले दगावत. विल्यम्स यांनी आयांनाच विचारले, तेव्हा उलगडा झाला : पाठचे भावंड आले, की थोरल्याचे अंगावरचे दूध तुटे आणि त्याच्या वाट्याला नुसती मक्याची पेज येई. पोट भरे, पण प्रथिने मिळत नसत. ‘क्वाशिओरकोर’ हे आजाराचे तिथल्या गा या भाषेतले नावही त्यांनी याच बायांकडून उचलले. १९३३ च्या त्यांच्या लेखानंतर हा तर पेलाग्राच (नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार), असे लंडनमधील जाणकारांनी बजावले. पेलाग्राही मका खाणाऱ्यांतच आढळत असल्याने शंका अगदीच अवाजवी नव्हती. पण मुले विल्यम्स यांनी तपासली होती. १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपले म्हणणे पुन्हा, या नावानिशी मांडले.

पुढे मलायात (आजचा मलेशियाचा द्वीपकल्प व सिंगापूर) बदली झाली. तिथे परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना डब्यातले गोड दूध खपवत. अंगावर पाजता येणाऱ्या आयाही त्याला भुलत आणि बाळे दगावत. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये ‘दूध आणि खून’ या भाषणात विल्यम्स यांनी या मृत्यूंना खूनच म्हणावे, असे सुनावले. सरकारी नोकरीत राहून असे बोलायला छाती लागते.

जपानी आक्रमणानंतर त्या सिंगापूरच्या चांगी तुरुंगात होत्या. जपानी लष्करी पोलिसांच्या कोठडीतही त्यांना डांबले गेले. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या. उपचार आणि प्रतिबंध एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरकडून व्हावेत, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत टिकला. बाळदुधाच्या जाहिरातबाजीला आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ मध्ये आली, तेव्हा त्या हयात होत्या. भारताने तसा कायदा १९९२ मध्ये केला. त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले.