कोंबडीची रक्ती हगवण करडाला लागत नाही

शेळ्या आणि गावरान कोंबड्या एकाच गोठ्यात असल्या की एक सल्ला हमखास मिळतो: करडं हगायला लागली, आधी कोंबड्या हलवा. कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस (आतड्यात परजीवी वाढून होणारी हगवण), करडांनाही कॉक्सिडिओसिस, म्हणजे एकाचा दुसऱ्याला लागला, असा हा हिशेब. पण नाव एक असलं तरी जंतू वेगळे. दोन्हीकडे आयमेरिया या एकपेशीय परजीवीच्या जाती असतात आणि त्या आपला यजमान, म्हणजे ज्या प्राण्यात वाढतात तो, सहसा सोडत नाहीत.

कोंबडीत आयमेरियाच्या सात जाती मानल्या जातात. त्यांतली टेनेला फक्त आंधळ्या आतड्यात वाढते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसू लागतं. मॅक्सिमा मधल्या आतड्यात राहते. टेनेलातून बरी झालेली कोंबडी मॅक्सिमाला तितकीच बळी पडते, कारण प्रतिकारशक्तीही जातीपुरतीच तयार होते. शेळीच्या जाती निराळ्या: आर्लोइंगी, कॅप्रिना, आणि उच्चारताना जीभ अडखळवणारी निनाकोहल्याकिमोव्हे. ही शेवटची जात मेंढीतही आढळते असं बरीच वर्षं मानलं जात होतं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोघींच्या लेंड्यांतले ऊसिस्ट (विष्ठेतून बाहेर पडणारे जाड कवचाचे गोळे) सारखेच दिसतात. मग शेळीचे ऊसिस्ट कोकरांना आणि मेंढीचे करडांना पाजून पाहिले. लागण झाली नाही. मेंढीच्या जातीला ओव्हिनॉइडॅलिस हे वेगळं नाव द्यावं लागलं. शेळी-मेंढी इतकी जवळची असूनही ही गत, तर कोंबडी कुठल्या कुठे.

मग परका ऊसिस्ट पोटात गेला तर अडतं कुठे? दारातच अडत असेल असं वाटतं, पण तसं नाही. पक्ष्यांत गिझर्डच्या (दाणे दळणाऱ्या जठराच्या) दळणाने कवच फुटतं, सस्तन प्राण्यांत पोटातला कार्बन डायऑक्साइड ते कमकुवत करतो. पुढे पित्त आणि ट्रिप्सिन हा पाचक रस ऊसिस्टच्या आतल्या पुड्यांचं बूच विरघळवतात आणि स्पोरोझॉइट (पेशीत शिरून लागण करणारे जंतू) बाहेर पडतात. ही रसायनं बहुतेक प्राण्यांत असतात. पेशीत शिरणंही जमतं: प्रयोगशाळेत टेनेलाचे स्पोरोझॉइट गाईच्या मूत्रपिंडाच्या पेशींत बिनदिक्कत घुसतात. अडचण आत शिरल्यावर सुरू होते. वाढीच्या पिढ्या पुऱ्या होत नाहीत, नर-मादी पेशी बनत नाहीत, त्यामुळे नवे ऊसिस्टही नाहीत.

ही अडचण रासायनिक पातळीवर कशी असू शकते, हे आयमेरियाच्या एका भाऊबंदाने दाखवलं. टॉक्सोप्लाझ्मा जवळपास कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या स्नायूत गाठ करून राहतो, माणसाच्याही. ऊसिस्ट मात्र फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात बनतात. हे 1970 च्या सुमारास सिद्ध झालं. त्या कामात भारतात जन्मलेले जितेंद्र दुबे होते. मांजरच का, याचं उत्तर 2019 साली आलं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या आतड्यात डेल्टा-6-डीसॅच्युरेज हे विकर (एन्झाइम) असतं आणि ते लिनोलिक आम्लाचं रूपांतर करून टाकतं. मांजराच्या आतड्यात हे विकर काम करत नाही, म्हणून तिथे लिनोलिक आम्ल साचतं, आणि नेमकं तेच टॉक्सोप्लाझ्माला लैंगिक अवस्थेत जायची खूण ठरतं. संशोधकांनी उंदरांना लिनोलिक आम्ल जास्त असलेला आहार दिला, शिवाय औषधाने ते विकर बंद पाडलं. उंदरांच्या विष्ठेत ऊसिस्ट आले. यजमानाची सारी भिंत एका विकरावर उभी होती!

(लिनोलिक आम्ल करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात भरपूर असतं. त्यावरून ‘करडई तेल खाल्लं की टॉक्सोप्लाझ्मा’ असा संदेश कुणी पुढे ढकलू नये. आपलं विकर शाबूत आहे.)

जातींचा हा नेम ठाऊक नसला की उपचार चुकतात. कुत्र्याच्या विष्ठेत आयमेरियाचे ऊसिस्ट दिसले म्हणून औषध सुरू होतं. कुत्र्याने शेळीच्या लेंड्या किंवा सशाची विष्ठा खाल्लेली असते, ऊसिस्ट नुसते इकडून तिकडे गेलेले असतात. ओळखायची रीत सोपी आहे. लिटरभर पाण्यात सुमारे 400 ग्रॅम मीठ विरघळवून संपृक्त द्रावण करा. त्यात 3 ते 5 ग्रॅम विष्ठा कालवून गाळा, नळी काठोकाठ भरून वर काचेची चकती ठेवा आणि 15 मिनिटांनी, ऊसिस्ट तरंगून तिला चिकटले की, ती काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ताज्या नमुन्यात आतला गोळा अखंड असतो, जात कळत नाही. म्हणून थोडा नमुना अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये पातळ थर करून, हवा लागेल असा काही दिवस ठेवा. थर जाड झाला तर प्राणवायू पोचत नाही आणि ऊसिस्ट पिकत नाहीत. पिकल्यावर पुड्या मोजा: चार पुड्या, प्रत्येकीत दोन स्पोरोझॉइट, तर आयमेरिया, दोन पुड्या, प्रत्येकीत चार, तर कुत्र्याचा स्वतःचा सिस्टोआयसोस्पोरा. एकूण दोन्हीकडे आठच, म्हणून घाईत चूक होते.

करडांना लागण होते ती आयांच्या आणि मोठ्या करडांच्या लेंड्यांतून. प्रौढ शेळ्या धडधाकट दिसत ऊसिस्ट टाकत राहतात. तेव्हा गव्हाण जमिनीवरून उचला, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओलावा हटवा, वयाप्रमाणे कप्पे करा, आणि लेंड्या रोज काढा, कारण ऊसिस्टला पिकायला एक-दोन दिवस तरी लागतात. नेहमीची जंतुनाशकं त्या कवचापुढे हतबल असतात. उकळतं पाणी, वाफ आणि कडक ऊन चालतं. दारावरच्या लिंबू-मिरचीने कुणाची दृष्ट निघत असेल, लेंड्या निघत नाहीत.

कोंबड्या वेगळ्या ठेवायचं एक खरं कारण मात्र आहे, ते म्हणजे त्यांचं खाद्य. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिया (आयमेरियासारखे परजीवी) रोखण्यासाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते सोसतं. पण गोठ्यात घोडा असेल आणि त्याने त्या पोत्यात तोंड घातलं, तर थोड्या मात्रेतही त्याच्या हृदयाचा स्नायू निकामी होऊ शकतो.